ज्या नाचासाठी जेवण थांबलं

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत आमच्या पिस्कॅटवेच्या कॉम्प्लेक्समध्ये पानं उडवायची यंत्रं सुरू होतात. एक माणूस पाठीवर ते धूड बांधून येतो, मोठा आवाज करत सगळी पानं एका कोपऱ्यात ढकलतो आणि निघून जातो. दुपारी वारा ती पानं निवांतपणे परत जागेवर आणून टाकतो. त्याच आठवड्यात शेजारच्या एडिसनला दुकानांबाहेर आकाशकंदील लागतात आणि मराठी मंडळाची दिवाळीची ईमेल येते. कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांनी नावं द्यावीत, असं त्यात साध्या अक्षरांत असतं. जेवणाचं आधी कळवावं, हे मात्र ठळक अक्षरांत असतं. यंदाही ती आली. वाचता वाचता माझी टाच जमिनीवर आपटली आणि शेजारी चित्र रंगवत बसलेली माझी चार वर्षांची लेक वर न बघता म्हणाली, "आई, स्टॉप इट."

तिला काय सांगणार? ही टाच पाच वर्षांपूर्वीच्या एका फॉलमधली, पानगळीतली आहे. तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी नागपूरहून इथे आले. संजयची नोकरी पार्सिपनीला होती आणि मी त्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडलेली. काम करायची परवानगी नाही, गाडी चालवायचं लायसन्स नाही, हिवाळ्याचा कोट नाही. सकाळी तो गेला की दिवसभर मी आणि फ्रिजची घरघर. बॅगेत घुंगरू आणले होते. कथक शिकले होते चांगली बारा-तेरा वर्षं, आणि लग्नाआधी बाबांनी होणाऱ्या जावयाला एकच अट घातली होती, पोरीचा नाच सुटता कामा नये. संजय बिचारा अट पाळायला तयार होता. पण आमचं अपार्टमेंट लाकडी, दुसऱ्या मजल्यावरचं. मी पहिल्यांदा पाय आपटत तत्कार केला आणि खालच्या बाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. लयीत ठोकत होत्या, एवढं मात्र कबूल करायला हवं.

मग मी लाँड्री रूममध्ये जायला लागले. तळघरात सिमेंटची जमीन, सहा-सात मशीन्स गरगरतायत, साबणाचा वास, आणि मी कोपऱ्यात अनवाणी. तिथेच मला शैलाकाकूंनी पकडलं. काकू मुंबईच्या, गिरगावच्या. तीसेक वर्षांपूर्वी इथे आल्या, प्रयोगशाळेत नोकरी केली, नुकत्याच रिटायर झाल्या होत्या आणि मंडळाचं जेवणखातं त्यांच्याकडे कायमचं होतं. चादरी वाळवायला आल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या की अगं, इथे जवळच एका चर्चच्या हॉलमध्ये कोणीतरी स्पॅनिश बाई नाच शिकवते, तिथे पाय आपटायला पैसे घेतात, म्हणजे आपटलेलं चालत असणार. मंगळवारी त्यांनी मला गाडीत घातलं आणि नेलं. नंतर प्रत्येक मंगळवारी त्याच न्यायच्या. मी आत नाचायची आणि काकू भिंतीला लागून खुर्चीवर स्वेटर विणत बसायच्या.

ती शिकवणारी बाई, पिलार, साठीच्या पुढची होती. ठेंगणी, पाठ ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, उजव्या गुडघ्याला पट्टा. मूळची स्पेनच्या दक्षिणेची, सेव्हियाची, आणि तिकडचाच फ्लॅमेन्को नाच शिकवायची. तिने आधी माझे तळपाय बघितले. मी ते पुढे करून दाखवले, भेगा पडलेले. ती हसली आणि आपले बूट उलटे करून दाखवले. टोकाला आणि टाचेला बारीक खिळे दाटीने ठोकलेले. आम्ही दोघी एकमेकींच्या पायांकडे बघून आधी ओळखीच्या झालो, नावं मागाहून सांगितली.

हॉलची जमीन लिनोलियमची, मऊ. म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी आम्ही पाच-सहा जणी भिंतीशी उभ्या केलेल्या प्लायवुडच्या फळ्या आडव्या घालायचो. पिलारचा इतिहासाचा तास तिथेच सुरू व्हायचा. फळ्या घालताना, बुटाचे पट्टे बांधताना ती मोडक्या इंग्रजीत बोलत राहायची. आधी फळ्या नव्हत्या, म्हणायची. अंगणं होती. जिप्सी लोकांच्या घरची लग्नं, लोहाराची भट्टी, रात्रभर गाणं. गाणं पहिलं, नाच त्याच्यामागून आला. बघणारा असा वेगळा कोणी नव्हता, जो बसला होता तोच थोड्या वेळाने उठून नाचायचा. मग शहरांत कॉफीची दुकानं निघाली, त्यांत मालकांनी कोपऱ्यात फळ्यांचा चौथरा बांधला आणि त्यावर नाचणाऱ्यांना रोज बोलावलं. पहिल्यांदाच नाचाला पगार मिळाला. पहिल्यांदाच नाचाला वेळ ठरली. मनात आलं म्हणून नाचणारी माणसं आता मनात नसलं तरी नाचायला लागली, आणि पिलार म्हणायची, त्यामुळेच ती चांगली नाचायला लागली. रोज नाचायचं म्हटलं की पावलं घासली जातात, नीट बसतात. शेजारणीपेक्षा आपली टाच जास्त स्वच्छ वाजावी असं वाटायला लागतं.

तिथून पुढे थिएटरं आली, बैलांच्या झुंजीची मैदानं आली, वाद्यवृंद आले. कोणी म्हणालं नाच बाटला, कोणी म्हणालं मोठा झाला. मग अख्खी गोष्ट नाचातून सांगणारे संच निघाले. पडदा, दिवे, पॅरिस, न्यू यॉर्क. बायकांनी हात आणि कंबर सांभाळावी, पाय वाजवणं पुरुषांचं काम, असं तिच्या आजीच्या वेळेपर्यंत मानत. मग बायकांनी पायही घेतले. "दिले नाहीत कोणी," पिलार टाच आपटून सांगायची, "घेतले." काकू विणता विणता मान डोलवायच्या. त्यांना ही गोष्ट फार आवडायची.

मला हे ऐकताना आपलंच काहीतरी ऐकतेय असं वाटायचं. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? कथक दरबारातून, माडीवरून उतरून सभागृहात आलं. लावणी फडातून, कुणाच्या खासगी बैठकीतून निघाली आणि आता पुण्यामुंबईच्या नाट्यगृहांत बायका गजरे माळून तिचे खेळ बघायला जातात. कलेला प्रतिष्ठा मिळाली असं आपण मोठ्या तोंडाने म्हणतो. बऱ्याचदा झालेलं एवढंच असतं की बघणाऱ्यांना सरळ ओळीत बसवलेलं असतं, तोंडावर अंधार केलेला असतो आणि त्यांच्या हातातलं खाणं काढून घेतलेलं असतं. पण ते एवढंसं व्हायला शंभर शंभर वर्षं लागतात.

पिलारच्या आयुष्यात हा इतिहास उलटा चालला होता. विशीत ती एका मोठ्या संचाबरोबर अमेरिकेत आली, तेव्हा थिएटरांत नाचली. काळोखात हजार माणसं गप्प बसलेली असायची. ती गप्प बसलेली माणसं ऐकू येतात, असं ती म्हणायची. मग संच फुटला, ती इथेच राहिली, लग्न झालं, मोडलं, आणि ती रेस्टॉरंटांत नाचायला लागली. टेबलांच्या मधल्या जागेत. गाणारा जीव तोडून गातोय आणि कोणीतरी वेटरला लिंबू आणायला सांगतोय. एकदा तिच्या घेरदार झग्यात अडकून कोणाची तरी प्लेट खाली गेली, तर माफी तिला मागावी लागली. आणि कलाकारांचं जेवण शेवटी, भटारखान्यात, भांडी घासायच्या जागेशेजारी उभ्याने. हे सगळं तिने चिडून सांगितलं नाही. फळी सरळ करत सांगितलं. गुडघा गेला तेव्हा तिला एका परीने बरंच वाटलं होतं, कारण आता कोणी जेवताना नाचायला बोलावणार नव्हतं.

त्या दिवशी परतताना गाडीत माझ्या डोक्यात आजोबाच होते. माझे आजोबा विदर्भातल्या खेड्यात डफडं वाजवायचे. लोकांच्या लग्नात वरातीपुढे वाजवत जायचे आणि मग मांडवाबाहेर थांबायचे. सगळ्या पंगती उठल्या की जे उरेल ते बाहेर यायचं. बाबा लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे, म्हणून बाबांना पंगतीचा वास अजून सहन होत नाही. लग्नात ते बुफेच शोधतात. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी लोकांची लग्नं वाजवणं सोडलं. डफडं सोडलं नाही. ते भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजायचं, आणि बाबा सांगतात की तेव्हा त्याचा आवाजच वेगळा यायचा. हे मी काकूंना सांगितलं. काकूंनी रूट ट्वेंटीसेव्हनवरचा सिग्नल सुटल्यावरही गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजले.

सप्टेंबरच्या शेवटी पिलारने जाहीर केलं की ती सेव्हियाला परत चालली आहे, भाचीकडे, नाताळच्या आधी. तिची एक इच्छा होती. गुडघा अजून एकदा साथ देईल, डॉक्टर नको म्हणाला तरी देईल. एकदा खऱ्या स्टेजवर, गप्प बसलेल्या माणसांसमोर नाचायचं होतं. तिने हे आमच्याकडे मागितलं वगैरे नाही, नुसतं बोलून गेली. पण काकूंनी विणकामाच्या सुया खाली ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मंडळाने एडिसनच्या एका हायस्कूलचं थिएटर घेतलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष देशमुख काका. मनाने राजा माणूस. नव्याने आलेल्या पोरांना विमानतळावरून आणण्यापासून पहिली गादी मिळवून देण्यापर्यंत सगळं करणारा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी घड्याळ सोडून सगळ्यांवर प्रेम करणारा. त्यांना कल्पना एकदम पसंत पडली. फ्युजन आयटम, म्हणाले. मी म्हटलं काका, फ्युजन नाही, नुसतं फ्लॅमेन्को आहे, गिटारवाला न्यू यॉर्कहून येणार आहे, तोच गाणार आहे, सगळं लाइव्ह. फक्त एकच गोष्ट, त्या वेळी लोकांनी खाऊ नये. काका म्हणाले, अगं, हे काय सांगायला हवं? आणि मी तसंच पिलारला सांगितलं.

मग आमची तालीम. शेवटच्या तुकड्यात पिलारच्या मागे मी आणि दुसऱ्या दोघी असणार होतो. माझं एकच दुखणं होतं. फ्लॅमेन्कोच्या त्या संथ नाचात मात्रा बारा, म्हणून मी पहिल्या दिवशी खूश झाले होते. एकतालाच्या बाराशी माझं लहानपणापासून घरचं नातं. पण आपलं आवर्तन फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर, समेवर येऊन विसावतं. सगळी धाव समेसाठी. यांचा शेवट दहावर. दहावर टाच मारायची आणि संपलं. उरलेल्या मात्रा हवेत तशाच सोडून द्यायच्या. माझा पाय ऐकायचाच नाही. सगळ्या जणी थांबल्या की जराशाने माझी एकटीची टाच वाजायची, सम आली म्हणून. पिलार डोळे मिटून म्हणायची, "पाहुणे गेल्यावर तू दार उघडतेस." मी लाँड्री रूममध्ये जाऊन दहावर थांबायचा सराव करायचे. ड्रायरच्या काचेत माझा वाट बघणारा चेहरा दिसायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी नेहमीसारखंच झालं. सत्कार लांबले. लहान मुलांच्या नाचात सीडी अडकली, ती पुसून पुन्हा लावली. एकांकिकेतल्या नायकाला वाक्यं आठवत होती आणि दुर्दैवाने ती सगळी त्याने म्हटली. शाळेचा माणूस ठरल्या वेळी कुलूप लावणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी विंगेत पिलारच्या पाठीची हुकं लावत होते. काळा झगा, जुना, कमरेपाशी दोनदा सैल केलेला. मनोलो, तिचा गिटारवाला, तारा जुळवत होता. तेवढ्यात माइकवरून काकांचा प्रेमळ आवाज आला. वेळ फार झालाय, तर सगळ्यांनी मागच्या दारातून कॅफेटेरियात जाऊन ताटं घ्यावीत आणि इथेच येऊन बसावं. जेवता जेवता आपण स्पॅनिश डान्स एन्जॉय करू या.

खुर्च्या एकदम उठल्या. पलीकडून मोठ्या ट्रेची झाकणं उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ मसालेभाताचा वास. पिलारला मराठी येत नव्हतं. पण झाकणांचा आवाज तिला कुठल्याही भाषेत कळत होता. ती खुर्चीवर बसली, वाकली आणि उजव्या बुटाचा पट्टा सोडायला लागली.

मी धावत काकांना गाठलं. काकांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. अगं, लोक बघणारच आहेत ना, खाताना काय डोळे बंद होतात का? वेळेचा प्रॉब्लेम आहे, समजून घे यार. ते माझ्याबरोबर विंगेत आले, पिलारची समजूत घालायला, आणि समजूत घालताना त्यांनी आपल्या परीने सगळ्यात गोड गोष्ट सांगितली. की तुम्ही परक्या नाहीच आहात, तुमचे जिप्सी पूर्वज आमच्या राजस्थानातूनच तिकडे गेले, हा नाच मुळात आमचाच आहे.

पिलारने मान वर केली. "तुमचा आहे?" ती शांतपणे म्हणाली. "मग आपल्या घरच्या बाईला जेवणाऱ्यांसमोर नाचवता कसे?"

काकांनी तिच्या सोडलेल्या पट्ट्याकडे पाहिलं.  मला त्यांची दयाही आली, कारण त्या माणसाच्या मनात अपमान कणभरही नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त उपाशी पोरं आणि कुलूप होतं. ते वळले आणि कॅफेटेरियाकडे निघाले, मी त्यांच्या मागे.

तिथे जेवणाची रांग भिंतीपर्यंत गेली होती आणि पुढे सरकत नव्हती. शैलाकाकू टेबलापाशी उभ्या होत्या. माइकवरची घोषणा ऐकल्याबरोबर त्यांनी मदतीला असलेल्या बायकांकडून सगळी झाकणं परत लावून घेतली होती. पैठणी खोचलेली, हातात भाताचा मोठा डाव. काका पोचायच्या आतच त्यांचं बोलून झालं होतं, पण काकांसाठी त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं.

"जेवण नाच झाल्यावर. भूक लागली असेल त्यांनी आत जाऊन लवकर बसावं."

काकांनी हात जोडले आणि सगळ्यांना आत पिटाळायला लागले. शाळेच्या माणसाशी बोलायला संजयला पाठवलं. मी परत विंगेत आले तर पिलार एका पायात बूट, एक पाय मोकळा, तशीच बसलेली. मी खाली बसून तो बूट तिच्या पायात घातला आणि पट्टा बांधला. जेवण बंद केलंय, म्हटलं. तिने विचारलं कोणी? मी म्हटलं, विणकामवालीने.

तिच्या नाचाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही, कारण मी मागे उभी राहून टाळी धरत होते आणि मला तिची पाठ दिसत होती. हात हळूहळू वर गेले, घाई न करता. मनोलोचा आवाज फाटका होता, त्याने गायला सुरुवात केली तेव्हा सभागृहात कुठेतरी चमच्याचा आवाज होईल म्हणून मी वाट बघत राहिले. झाला नाही. एवढी बोलकी माझी माणसं, पण श्वास धरून बसली होती. गप्प बसलेली माणसं ऐकू येतात हे मला तेव्हा कळलं. तिची टाच वाजली की प्रत्येक खिळा वेगळा ऐकू येत होता. गुडघ्याचं तिने काय केलं होतं कोण जाणे. मध्ये एकदा ती आमच्याकडे वळली, तेव्हा चेहरा घामाने निथळत होता आणि ती विशीतली दिसत होती.

शेवट आला. आठ, नऊ, दहा. गिटार थांबली, टाळ्या थांबल्या, सगळं थांबलं. आणि त्या शांततेत, जराशाने, माझी टाच वाजली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्याच क्षणी तिसऱ्या रांगेतून कोणीतरी मनापासून "वा" म्हणालं. मग आणखी कोणी. तबला, पखवाज ऐकत वाढलेली ती सगळी मंडळी माझ्यासारखीच समेची वाट बघत बसली होती. अख्ख्या नाचात त्यांना पत्ता सापडलेली तेवढीच एक जागा. पिलार माझ्याकडे पाठ करून, हात वर धरून उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. एकदाच आपली टाच आपटली, माझ्या टाचेला उत्तर दिल्यासारखी, आणि मग हात खाली आणले. लोक उभे राहिले.

कॅफेटेरियात पुन्हा रांग लागली, पण काकूंनी कोणाला वाढलं नाही. आधी त्यांनी एक टेबल पुसलं, त्यावर घरून आणलेला टेबलक्लॉथ घातला, पाच खुर्च्या मांडल्या. पहिली पंगत कलाकारांची, म्हणाल्या. पिलार, मनोलो, आणि आम्ही तिघी. पिलारला आधी कळेना. ती प्लेट हातात घेऊन उभीच राहायला निघाली, सवयीने, भिंतीजवळ. काकूंनी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि तिला खुर्चीत बसवलं. स्वतः वाढलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, मसालेभात, वर लिंबाची फोड. देशमुख काका पाण्याचे ग्लास घेऊन आले आणि तिच्याजवळ जरा वाकून सॉरी म्हणाले. तिने त्यांच्या गालावर हलकेच चापटी मारली.

अख्खं मंडळ रिकाम्या प्लेट्स घेऊन भिंतीशी उभं होतं. शाळेचा माणूस किल्ल्या घेऊन दारात आला, काकूंनी त्यालाही बसवलं. पोरं कुरकुरत होती. आयुष्यभर जेवणाऱ्यांसमोर नाचलेली बाई जेवत होती आणि लोक थांबले होते. तिने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा काकूंनी रांगेकडे न बघता तो वाढला.  मला मांडवाबाहेरचे आजोबा आठवत होते, जे मी पाहिलेलेही नाहीत.

डिसेंबरात पिलार गेली. अधूनमधून फोन करते, गुडघा कसा आहे ते सांगते, काकूंनी विणलेला स्वेटर सेव्हियाच्या थंडीला जास्तच गरम होतो म्हणते. प्लायवुडच्या फळ्या चर्चच्या हॉलमध्ये अजून आहेत. मला काम करायची परवानगी मिळाली, गाडी आली, मंगळवार आता मुलीच्या पोहण्याचा झाला. मंडळाच्या ईमेलमध्ये मात्र तेव्हापासून एक ओळ वाढली आहे. कार्यक्रम चालू असताना जेवण मिळणार नाही. हीसुद्धा ठळक अक्षरांत असते.

कार्यक्रमानंतरच्या सकाळी मी कॉलिंग कार्ड खरवडून नागपूरला फोन लावला होता. बाबांना सगळं सांगितलं. फ्लॅमेन्को म्हणजे काय ते, झाकणांचं, माझ्या चुकलेल्या टाचेचं, टेबलक्लॉथचं.   बाबांनी एवढंच विचारलं,

"पोटभर जेवली ना ती?"

मी म्हटलं, हो बाबा. भात दोनदा घेतला.